फुली जागेवर राहिली का?

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ओरेगन नावाचे राज्य आहे. पाऊस, ओली जंगले आणि धुके यांना तिथे तोटा नाही. तिथल्या पोर्टलंड शहरात १९०७ साली जमीन-मोजणीची उपकरणे दुरुस्त करणारे एक दुकान निघाले. पुढे हे लोक पाण्याची पातळी नोंदणारी यंत्रेही बनवू लागले. या लूपोल्ड घराण्यातल्या मार्कस लूपोल्डची एक हकिकत कंपनीच्या इतिहासात सांगितली जाते. हरणावर नेम धरलेला असताना त्याच्या बंदुकीवरची दुर्बीण आतून धुरकटली आणि नेम हुकला. याहून बरी दुर्बीण आपण बनवू शकतो, असे त्याच्या मनाने घेतले. १९४७ साली कंपनीने आपली पहिली दुर्बीण बाजारात आणली. नळीतली दमट हवा काढून तिच्या जागी कोरडा नायट्रोजन भरायचा आणि नळी घट्ट बंद करायची, ही रीत पुढे या धंद्यात सर्वत्र रूढ झाली.

धुरकटलेली दुर्बीण निदान आपले दुखणे लपवत नाही. काही दिसत नाही म्हटल्यावर शिकारी चाप ओढत नाही, हरीण निघून जाते, प्रश्न मिटतो. या लेखात आपण ज्या दोषाकडे मुख्यतः पाहणार आहोत तो मात्र डोळ्यांना दिसतच नाही. दुर्बिणीतून चित्र लख्ख दिसते, मधली फुली काळीभोर आणि रेखीव असते, आणि तरीही गोळी फुलीने दाखवलेल्या जागी जात नाही.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्त्यांनी हौसेच्या शिकारीला बंदी आहे. तेव्हा तुमच्या-आमच्यापैकी कोणी अशी दुर्बीण विकत घ्यायला निघालेले नाही. पण अमेरिकेत, जर्मनीत, ऑस्ट्रियात परवाना घेऊन हरणांची आणि रानडुकरांची शिकार होते, आणि तिथे या दुर्बिणींच्या भरवशाविषयी वर्षानुवर्षे वाद चालू आहेत. महाग म्हणजे चांगली का? कोणता कारखाना बरा? माझी बिघडली, तुझी कशी नाही बिघडली? वाद बाजूला ठेवला तर त्याच्या मुळाशी एक सुंदर भौतिकशास्त्र आहे, आणि एक प्रश्न आहे जो प्रयोगशाळेत आपल्यालाही रोज भेटतो: मोजण्याच्या उपकरणावर विश्वास ठेवायचा तो कशाच्या आधारावर?

तिथे या प्रश्नाची किंमत एक जनावर मोजते. हरणाच्या छातीत हृदय आणि फुप्फुसे मिळून साधारण २० सेंटिमीटर व्यासाची जागा असते. गोळी तिथे लागली तर ते लवकर मरते. १५ सेंटिमीटर मागे लागली तर पोट फुटलेले हरीण जंगलात पळत जाते आणि तासन्‌तास तडफडते. जर्मनीत अशा जखमी जनावराचा रक्तावरून माग काढण्यासाठी खास शिकवलेली कुत्री बाळगतात. यावरून असे प्रसंग किती नित्याचे असतील याची कल्पना यावी.

दुर्बिणीच्या पोटात काय असते?

दुर्बिणीत फुली बसवण्याची कल्पना शिकाऱ्यांची नव्हे, खगोलशास्त्राची आहे. सुमारे १६४० साली इंग्लंडमधल्या विल्यम गॅस्कॉइन या तरुणाच्या दुर्बिणीत कोळ्याने धागा विणला आणि आकाशातल्या चित्राबरोबर तो धागाही स्पष्ट दिसला, अशी हकिकत आहे. असे का व्हावे हे आपण वर्गात दोन बहिर्वक्र भिंगे घेऊन दाखवू शकतो. पुढच्या पदार्थभिंगामुळे दूरच्या वस्तूची उलटी, वास्तव प्रतिमा त्याच्या नाभीय प्रतलात पडते. नेत्रिकेतून आपण ही प्रतिमा मोठी करून पाहतो. नेमक्या त्याच प्रतलात एखादा केस ताणून बसवला तर प्रतिमा आणि केस दोन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसतात. गॅस्कॉइन १६४४ साली मार्स्टन मूरच्या लढाईत मारला गेला, पण त्याची युक्ती टिकली. सर्वेक्षणाच्या लेव्हलमध्ये किंवा थिओडोलाइटमध्ये दिसणारी फुली याच घराण्यातली.

बंदुकीसाठी उलटी प्रतिमा चालत नाही. म्हणून पदार्थभिंग आणि नेत्रिका यांच्यामध्ये प्रतिमा सुलटी करणारी भिंगांची आणखी एक जोडी लागते. ही जोडी बाहेरच्या नळीच्या आत एका बारीक नळीत बसवलेली असते. फुलीही सहसा याच आतल्या नळीच्या एका टोकाला असते. आतली नळी मागच्या टोकाशी एका सांध्यावर टेकलेली असते. तिचे पुढचे टोक दोन स्क्रूंना टेकते, एक वरून आणि एक बाजूने, आणि समोरच्या बाजूने एक स्प्रिंग तिला या स्क्रूंवर दाबून धरते. बाहेरून दिसणाऱ्या दोन गोल मुठी फिरवल्या की हे स्क्रू आत-बाहेर होतात, आतली नळी किंचित कलते आणि नेमाची दिशा बदलते. मूठ फिरताना बारीक टकटक आवाज येतो. मेट्रिक पद्धतीच्या दुर्बिणीत अशा एका टकटकीला नेम १०० मीटरवर साधारण १ सेंटिमीटर सरकतो.

म्हणजे सगळा भरवसा कशावर? दोन स्क्रू, एक स्प्रिंग आणि एक सांधा. भिंगे कितीही उत्तम असली तरी त्यांचा यात काहीही वाटा नाही.

कागदाच्या जाडीएवढी चूक

आता थोडे गणित करू. पदार्थभिंगाचे नाभीय अंतर २० सेंटिमीटर, म्हणजे २०० मिलिमीटर धरू. आतल्या नळीचे पुढचे टोक आपल्या जागेवरून ०.१ मिलिमीटर सरकले, तर नेमाची दिशा ०.१ भागिले २००, म्हणजे ०.०००५ रेडियनने बदलते. हा कोन ऐकायला नगण्य वाटतो. पण १०० मीटरवर तो ५ सेंटिमीटर होतो आणि २०० मीटरवर १० सेंटिमीटर. आपल्या २० सेंटिमीटरच्या वर्तुळात मधोमध धरलेला नेम तेवढ्याने थेट वर्तुळाच्या कडेवर जातो.

०.१ मिलिमीटर म्हणजे किती? झेरॉक्सच्या पाचशे कागदांचे रीम साधारण ५ सेंटिमीटर जाड असते. म्हणजे एका कागदाची जाडी. आणि वर सांगितलेली एक टकटक म्हणजे आतल्या नळीची अवघी ०.०२ मिलिमीटर हालचाल, माणसाच्या केसाच्या जाडीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाइतकी. एवढ्या सूक्ष्म अंतरांवर स्क्रूच्या आट्यांमधली ढिलाई, स्क्रूच्या टोकावरचा खरबरीतपणा, वंगणाचा थर, या सगळ्या गोष्टींना आवाज फुटतो. मूठ वीस टकटकी पुढे आणि वीस टकटकी मागे फिरवली तरी नळी पहिल्या जागी आलीच असेल असे नाही. कधी ती घर्षणाने अडकून राहते आणि पुढच्या गोळीच्या धक्क्याने एकदम सुटते. मग शिकारी म्हणतो, दुर्बीण एक गोळी उशिरा ऐकते.

आणि हा धक्का काही साधा नसतो. समजा गोळीचे वस्तुमान १० ग्रॅम आहे आणि ती ८५० मीटर प्रतिसेकंद वेगाने सुटते. संवेग ८.५ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद. दुर्बिणीसकट ४ किलोग्रॅमची बंदूक त्यामुळे सुमारे २.१ मीटर प्रतिसेकंद वेगाने मागे येते. आता हा वेग तिला किती वेळात मिळतो ते पाहा. बंदुकीची नळी ६० सेंटिमीटर लांब असेल आणि गोळीचे त्वरण एकसारखे मानले, तर गोळी नळीतून बाहेर पडायला सुमारे १.४ मिलिसेकंद लागतात. भागाकार केला की बंदुकीचे त्वरण येते दर सेकंदाला सेकंदाला १५०० मीटर, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या दीडशे पट. हे नुसते सरासरी झाले. नळीतला दाब एकसारखा नसतो, त्यामुळे प्रत्यक्ष शिखर याच्या दुपटीहून वर जाते. शिवाय बारुदाच्या वायूचा संवेग आपण धरलेलाच नाही.

अर्धा किलोची दुर्बीण या क्षणी ७५० न्यूटन बलाने ओढली जाते. एका मोठ्या माणसाने तिला लोंबकळावे तेवढे हे बल झाले. आतली बारीक नळी ६० ग्रॅमची असेल तर तिच्या सांध्यावर ९० न्यूटन, म्हणजे ९ किलो वजनाइतका झटका बसतो. हा मुख्यतः मागे-पुढे असतो. पण बंदूक मागे येताना वरही उसळते, त्यामुळे स्प्रिंगलाही आपला हिस्सा सोसावा लागतो. स्प्रिंग कमजोर असेल तर नळी क्षणभर स्क्रूपासून सुटते आणि परत टेकते. प्रश्न इतकाच, की परत टेकताना ती कागदाच्या जाडीच्याही आत, पहिल्याच जागी टेकली का?

जुन्या काळी यावर एक मजेदार तोड होती. अमेरिकेत निशाणेबाजीसाठी बनवलेल्या काही लांब दुर्बिणी बंदुकीवर पक्क्या बसवत नसत. धरणाऱ्या कड्यांमध्ये त्या मागे-पुढे सरकू शकत. गोळी सुटली की बंदूक मागे येई आणि दुर्बीण जडत्वामुळे जवळपास जागच्या जागी राही. प्रत्येक गोळीनंतर नेमबाज ती हाताने पुन्हा मागे ओढून घेई. जडत्व शिकवताना रुपयाखालचा पत्ता ओढण्याच्या प्रयोगाबरोबर हे उदाहरणही द्यायला हरकत नाही.

उलट उदाहरण छर्ऱ्याच्या स्प्रिंगवाल्या हवाई बंदुकीचे. तिचा धक्का किती सौम्य! पण मोठ्या बंदुकीचे हिसके सोसणाऱ्या दुर्बिणी तिच्यावर मोडलेल्या आहेत. कारण या बंदुकीत दट्ट्या पुढे धावताना बंदूक आधी मागे सरकते आणि दट्ट्या टोकाला आदळला की पुढे हिसका बसतो. फक्त एकाच दिशेचा धक्का गृहीत धरून घट्ट केलेली आतली रचना दुसऱ्या दिशेच्या धक्क्याने ढिली होते.

ज्याची जाहिरात होते ते

दुकानात गिऱ्हाईक दुर्बीण डोळ्याला लावते आणि समोरच्या इमारतीकडे पाहते. चित्र स्वच्छ दिसले की खूश होते. म्हणून जाहिरातीही उजेडाच्याच असतात. यात तथ्य नाही असे नाही. काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. असे १६ पृष्ठभाग असतील तर पलीकडे जेमतेम ५२ टक्के पोचतो. (०.९६ चा सोळावा घात विद्यार्थ्यांना काढू द्या.) १९३५ साली झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला याने भिंगांवर पातळ लेप देऊन हे परावर्तन कमी करण्याची पद्धत शोधली. दर पृष्ठभागाला नुकसान अर्ध्या टक्क्यावर आणले की तोच आकडा ९२ टक्के होतो. कॅमेऱ्याच्या भिंगावर जांभळट-हिरवी झाक दिसते ती या लेपाचीच.

पण ९० टक्के आणि ९५ टक्के यांतला फरक आपल्या डोळ्याला क्वचितच कळतो, आणि पैसे मात्र त्यासाठीच मोजले जातात. जर्मन शिकारी संधिप्रकाशात मचाणावर बसतात, त्यांना ८ पट मोठे दाखवणारी आणि ५६ मिलिमीटर भिंगाची दुर्बीण आवडते. ५६ भागिले ८ म्हणजे ७ मिलिमीटर, तरुण डोळ्याची बाहुली अंधारात एवढीच उघडते. साठीच्या शिकाऱ्याची बाहुली तितकी उघडत नाही, तेव्हा त्याचा जादा उजेड बाहुलीच्या बाहेरच सांडतो. दुर्बिणीची मधली नळी २५.४ ऐवजी ३० मिलिमीटर जाड असली की उजेड जास्त मिळतो, हा तर निव्वळ गैरसमज आहे. जाड नळीत आतल्या नळीला कलायला जागा जास्त मिळते, एवढाच तिचा फायदा.

पराशयाचीही अशीच उगाच भीती घातली जाते. डोळा बाजूला सरकवला तर फुली लक्ष्यावरून सरकल्यासारखी दिसते, कारण प्रतिमा आणि फुली तंतोतंत एका प्रतलात नसतात. ४० मिलिमीटर भिंगाची दुर्बीण १०० मीटरसाठी जुळवलेली असेल, तर २०० मीटरवर ही चूक जास्तीत जास्त २ सेंटिमीटर होऊ शकते, तीही डोळा अगदी कडेला नेला तर. कागदावर स्पर्धा खेळणाऱ्याला तिची काळजी हवी, हरणामागे असणाऱ्याला फारशी नको.

धुरकटण्याबद्दल एकच सांगतो. नायट्रोजनमध्ये काही जादू नाही, तो कोरडा असतो एवढेच. २५ अंशांवर ६० टक्के सापेक्ष आर्द्रतेची हवा नळीत अडकली, तर तिचा दवबिंदू सुमारे १६-१७ अंश असतो. संध्याकाळी पारा त्याखाली गेला की भिंगांवर आतून दव धरणार. पण रबराची कडी वर्षांनी कडक होतात, वायू झिरपून जातो आणि त्याच्या जागी बाहेरची हवा शिरते. कारखान्यातून निघाली तेव्हा दुर्बीण कोरडी होती, हे दहा वर्षांनंतर फारसे उपयोगाचे नसते.

‘माझी तर कधीच बिघडली नाही’

आता वादाकडे येऊ. एखाद्या बनावटीची दर दहांतली एक दुर्बीण धक्क्याने नेम सोडते, असे समजा. हे प्रमाण भयंकर आहे. तरी पाच मित्रांनी प्रत्येकी एक दुर्बीण घेतली, तर पाचही चांगल्या निघण्याची संभाव्यता ०.९ चा पाचवा घात, म्हणजे ५९ टक्के. निम्म्याहून अधिक मित्रमंडळे या बनावटीची शपथ घेतील, आणि प्रामाणिकपणे घेतील. उलट एकाची बिघडली तर तो ती बनावट कायमची टाकाऊ ठरवील. दहा दुर्बिणी तपासून दहाही पास झाल्या, तरी नापासाचे खरे प्रमाण २५ टक्क्यांपर्यंत असू शकते, ही शक्यता ९५ टक्के खात्रीच्या नेहमीच्या हिशोबाने फेटाळता येत नाही. त्यातून अनेक शिकारी वर्षभरात मूठभरच गोळ्या झाडतात. ‘वीस वर्षे वापरतो आहे’ याचा अर्थ काही वेळा ‘दोनशे धक्के’ इतकाच असतो.

नेम हुकल्यावर दोष कोणाचा हे ठरवणेही सोपे नाही. बंदूक स्वतःच गोळ्या थोड्या विखुरते. १०० मीटरवर आडव्या दिशेतला हा विखुरलेपणा (प्रमाण विचलन) १.५ सेंटिमीटर असेल, तर तीन गोळ्यांच्या सरासरीत जवळपास ०.९ सेंटिमीटरची अनिश्चितता राहते. दहा गोळ्यांच्या सरासरीत ती ०.५ पर्यंत येते. तरी बहुतेक लोक तीनच गोळ्या झाडतात, सरासरी सेंटिमीटरभर डावीकडे दिसली की दुर्बीण सरकली म्हणून मूठ फिरवतात, आणि जी चूक नव्हती ती तयार करतात. कित्येकदा दुर्बीण निर्दोष असते आणि तिला धरणाऱ्या कड्यांचे स्क्रू ढिले असतात. काहींनी ते इतके आवळलेले असतात की बाहेरची नळीच चेपते आणि आतल्या नळीची हालचाल अडते.

आजीवन हमीचे कार्ड पुष्कळांना धीर देते. आमच्या मते ते बिघाडाच्या प्रमाणाबद्दल काहीच सांगत नाही. दुरुस्तीचा सरासरी खर्च आधीच किमतीत घातलेला असतो, आणि नवी दुर्बीण टपालाने येते तोवर जखमी हरीण जंगलात गेलेले असते. नावावरूनही थोडेच कळते, कारण वेगवेगळ्या नावांच्या अनेक दुर्बिणी जपान, फिलिपीन्स आणि चीन इथल्या मोजक्या कारखान्यांतून येतात. तपासणी किती कडक ठेवायची हे मात्र नाव लावणारा ठरवतो आणि त्याचे पैसे देतो. महाग दुर्बिणीत यासाठी काही रक्कम असतेच. ती भिंगांवर किती खर्च झाली आणि स्प्रिंगवर किती, हे किमतीच्या चिठ्ठीवर लिहिलेले नसते.

मग कळायचे कसे? विचारी नेमबाज एक साधी परीक्षा घेतात. १०० मीटरवर उंच फळा उभा करून त्यावर ओळंब्याने उभी रेघ मारतात. नेम खालच्या खुणेवरच धरायचा, पण मूठ ६० टकटकी वर फिरवायची. गोळ्या बरोबर ६० सेंटिमीटर वर लागायला हव्यात. मग मूठ परत आणायची, गोळ्या पहिल्या जागी यायला हव्यात. हे पुन्हा पुन्हा करायचे. समजा दर वेळी ५८.५ सेंटिमीटरच येतात. ही दुर्बीण अडीच टक्के खोटे बोलते, पण रोज तेच बोलते, म्हणून हिशोब करून ती वापरता येते. दुसरी एकदा ६१, एकदा ५९, एकदा ६२ देते. तिची सरासरी खऱ्याच्या जवळ आहे, तरी ती टाकून द्यावी. लेव्हल वापरणारे सर्वेक्षक दोन खुंट्यांमध्ये उपकरण लावून नेमरेषा तपासतात, तीही याच जातीची परीक्षा. एकदा नेम जुळवला की मुठीला हात न लावणाऱ्या शिकाऱ्याला तर ६० टकटकींचेही महत्त्व कमीच. त्याला एवढेच हवे, की शंभर धक्के खाऊन, गाडीच्या टपावर आपटून, थंडी-ऊन सोसून फुली तिथेच राहावी. हे दुकानात डोळा लावून कधीच कळणार नाही.

वर्गात करून पाहा

लाकडी पट्टीवर लेसर पॉइंटर चिकटवा. पट्टीच्या एका टोकाखाली पेन्सिल आडवी ठेवा आणि तिथून बरोबर २० सेंटिमीटरवर, दुसऱ्या टोकाखाली, तेवढ्याच उंचीचा ठोकळा ठेवा. पट्टी रबरबँडने टेबलाला खाली ओढून बांधा. १० मीटर दूरच्या भिंतीवर कागद लावून ठिपक्याची जागा पेन्सिलने नोंदा. किरण कोणाच्याही डोळ्यांच्या उंचीवर जाणार नाही, याची आधी खात्री करा. आता ठोकळ्यावर एक कागद सरकवा. ठिपका सुमारे ५ मिलिमीटर हलेल. दहा कागद सरकवून कागदाची जाडी काढा आणि रीम मोजून आलेल्या उत्तराशी ताडून पाहा. मग सगळे कागद काढून पट्टीच्या मागच्या टोकावर लाकडी हातोडीने हलकेच टिचकी मारा आणि ठिपका कुठे परत येतो ते नोंदा. असे वीस वेळा करा, प्रत्येक ठिपका कागदावर उतरवा. नंतर घट्ट रबरबँड काढून ढिला लावा आणि आणखी वीस वेळा करा. दोन्ही ठिपक्यांचे पुंजके शेजारी ठेवून विद्यार्थ्यांना विचारा: पहिल्या तीनच ठिपक्यांवरून कोणता रबरबँड चांगला हे सांगता आले असते का?